पडद्यामागे कोणी राहत नाही

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. मात्र हा स्वभाव मी माहेराहून आणलेला नाही. नगरच्या टॉकीज गल्लीत लेडीज तिकीट खिडकीवर मी पंचवीसेक वर्षं काढली, आणि त्या खिडकीनंच तो मला लावला.

खिडकी म्हणजे भिंतीतलं एक भोक होतं. आत स्टुलावर मी, बाहेर बायकांची रांग. माणूस दिसायचंच नाही, फक्त हात दिसायचा. एका हाताला चार तिकिटं असा नियम होता. ब्लॅक करणाऱ्या बायका चार तिकिटं घेऊन जायच्या, कोपऱ्यावर बांगड्या उतरवायच्या आणि पुन्हा रांगेत यायच्या. त्यांना वाटायचं, हिला काय कळतंय. मी बांगड्यांकडे बघायचेच नाही, नखं बघायचे. एकीच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता. तिनं मला वर्षभर चुकवायचा प्रयत्न केला, आणि शेवटी कंटाळून तिनं भाजीचा गाडा टाकला. पुढे मी तिच्याकडूनच मेथी घ्यायचे आणि जुडी उलटीपालटी करून बघायचे. ती म्हणायची, "बाई, आता तरी इस्वास ठिवा." मी ठेवत नव्हते.

पाथर्डीकडच्या बायकांचे हात मात्र लांबून ओळखू यायचे. ऊसतोड संपवून कोपरगाव, राहुरीकडून या टोळ्या परतायच्या, तेव्हा नगरला उतरून बाजार करायच्या आणि मॅटिनीला यायच्या. उसाच्या पाचटानं चिरलेले, काळे पडलेले ते हात. समोरच्या चहाच्या हॉटेलात त्यांचे कोयते पोत्यात बांधून ठेवलेले असायचे, कारण कोयता घेऊन आत सोडत नसत. चहावाल्यानं कधी कुणाचं पोतं बदललं नाही, हे मी त्याच्याबद्दल सांगू शकते. बाकी त्याच्या चहात दूध किती असायचं, याविषयी मला शंका आहे.

आता गल्ली बघाल तर मोबाईलच्या कव्हरांची दुकानं आणि पार्किंगसाठी भांडणारी माणसं दिसतील. माझ्या काळात इथं समोरासमोर दोन टॉकीज होते. एक जुना लॉज होता, त्यात जत्रेच्या दिवसांत तमाशाच्या फडातली माणसं उतरायची. हार्मोनियम दुरुस्त करणारा होता, फोटो स्टुडिओ होता, सिनेमाचे बोर्ड रंगवणारे दोघं भाऊ होते. गावाला या गल्लीत यायचं तर असायचं, पण येताना कुणी बघू नये असंही वाटायचं. घरंदाज बायका मागच्या बोळातून लेडीजच्या दाराशी यायच्या. ईदच्या आठवड्यात मोहल्ल्यातल्या बायका मुलाबाळांसह यायच्या, तेव्हा रांग बोळाबाहेर जायची. लॉजवरच्या तमाशातल्या बायकाही त्याच दारानं आत शिरायच्या, आणि मग बाकीच्या पदर सावरून सरकून बसायच्या.

आत बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी होती, मध्ये हिरवा पडदा. सिनेमा सुरू झाला की पडदा ओढून बाजूला करायचा, मध्यंतराला दिवे लागायच्या आधी पुन्हा लावायचा. हे काम आक्काचं होतं.

आक्का म्हणजे लेडीजच्या दारावरची बाई. तिच्याविषयीच मला सांगायचं आहे.

ती मूळची पाथर्डी तालुक्यातली. एका फडात नाचायची. फड लॉजवर उतरला असताना जिन्यावरून पडली, पाय मोडला. फडाला पुढच्या गावी जायचं होतं, तो निघून गेला. टॉकीजच्या जुन्या मालकांनी तिला पडद्यामागची खोली दिली, म्हणजे सिनेमाच्या मोठ्या पांढऱ्या पडद्यामागे स्पीकरच्या बाजूला जी अडगळ होती ती. पाय बरा झाला, पण चाल लंगडीच राहिली. मालकांनी तिच्या हातात बॅटरी दिली आणि लेडीजच्या दारावर उभं केलं. फड परत आला नाही, आणि आक्का त्या खोलीतून हलली नाही. तिची सगळी पुढची उमर तिथंच गेली.

सुरुवातीला माझा तिच्यावर अजिबात भरवसा नव्हता. तमाशातली बाई, ही आत जागा विकणार, असं मी धरूनच चालले होते. तीन महिने मी तिच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. एकदा खिडकी बंद करून हळूच आत गेले. बघते तर आक्का पॅसेजमध्ये दोन्ही कडेवर दोन रडकी पोरं घेऊन येरझाऱ्या घालत होती. आया आत सिनेमा बघत होत्या. मला बघून म्हणाली, "बाई, एक धरा की. ह्यो लई जड हाय." मी धरला. त्यानं माझ्या साडीचं वाटोळं केलं. त्या दिवसापासून मी तिला आक्का म्हणायला लागले, अगंतुगं करायला लागले. तिनं मात्र मला जन्मभर 'बाई' आणि 'तुमी'च म्हटलं. मी कितीदा सांगितलं, तिला जमलं नाही.

तिची एक खोड होती. अंधार झाला की घरंदाज बाई आणि लॉजवरची बाई यांना ती मुद्दाम शेजारी बसवायची. बॅटरी पायांवर पाडायची, तोंडावर नाही. "अंधारात समद्या सारक्याच रडत्यात," असं तिचं म्हणणं. मध्यंतराला दिवे लागले की कुणी तक्रार करायचं, तर आक्का म्हणायची, जागाच न्हाई हुती.

आता जी गोष्ट कळीची आहे ती सांगते. थिएटरच्या इमारतीत कुणी राहायचं नाही, असा लायसनचा नियम होता. आगीची भीती. कुणी राहतं असं लायसन तपासणाऱ्या साहेबाच्या कानावर गेलं असतं तर टॉकीज बंद आणि आक्का रस्त्यावर. म्हणून गल्लीचा एक रिवाज पडला. हातात फाईल असलेला माणूस गल्लीत शिरला की हार्मोनियमवाला एकच सूर धरून बसायचा. काळी चार, लांबच लांब. पेटी दुरुस्त करणाऱ्यानं सूर धरला तर कोण काय म्हणणार? तो सूर ऐकला की आक्का आपली वळकटी स्पीकरमागे सारायची आणि बोळात येऊन निवडायला काहीतरी घेऊन बसायची. साहेब विचारायचे, "मागं कोण राहतं?" आम्ही सगळे एका सुरात सांगायचो, "कोणी नाही." आक्काला विचारलं तर म्हणायची, "मी पाव्हणी हाय, भाचीच्या गावास्नं आलेय." साहेब बदलत गेले, उत्तर बदललं नाही. भाची मात्र खरीच होती, पाथर्डीकडे. आक्काचं रेशनकार्ड भाचीच्या गावी, मतदान भाचीच्या गावी. नगरात ती कुठल्याही कागदावर नव्हती, आणि तेच आम्हाला बरं वाटत होतं.

पुढं घरोघरी टीव्ही आले, मग केबल आली. शहराबाहेर मॉल झाला आणि त्यात तीन-तीन पडद्यांचं थिएटर आलं. आमचा हिरवा पडदा केव्हाच काढला होता. आता खुर्च्यांवर बसायला माणसं राहिली नाहीत. समोरचा टॉकीज आधी पडला. मग जुने मालक वारले आणि काही वर्षांत आमचाही बंद झाला. हार्मोनियमवाल्याचा मुलगा पुण्याला गेला. एसटीच्या पाटीवर शहराचं नावसुद्धा बदललं, जिभेवर मात्र अजून नगरच येतं. आक्का तेवढी होती तिथंच होती. माझं घर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे रोज दुपारी मी टॉकीजच्या पायऱ्यांवर तिच्याशेजारी जाऊन बसायचे. बंद टॉकीजच्या पायऱ्यांवर दोन म्हाताऱ्या, जाणारे-येणारे विचारायचे, कुठला शो आहे?

अशाच एका दुपारी ती मुलगी आली. पाठीवर सॅक, पायात स्वच्छ बूट, हातात मोबाईल आणि वही. म्हणाली, "काकू, मी पुण्याहून आलेय. मला या गल्लीचा सामाजिक इतिहास लिहायचाय. इथं कोण यायचं, कोण राहायचं, कसं होतं सगळं..."

माझ्या मनात पाल चुकचुकली. कोण राहायचं? हिला त्याच्याशी काय करायचंय? टॉकीजची जागा विकायची चाललीय अशी कुणकुण होतीच. दोन आठवड्यांपूर्वी टेप घेऊन दोघं जण भिंती मोजून गेले होते. मी म्हटलं, हिला त्यांनीच पाठवलं. तोंड गोड असलेलं माणूस पाठवलं की म्हाताऱ्या बोलतात, एवढी अक्कल त्यांना असणार. मी तिचं ओळखपत्र मागितलं. तिनं दाखवलं. मी ते चष्मा लावून, उलटसुलट करून बघितलं, आणि फोटोतल्यापेक्षा ही बारीक आहे, असं तिला तोंडावर सांगितलं. ती हसली. हसणारी माणसं मला जास्तच खटकतात.

तरी मी बोलले. कारण खरं सांगायचं तर मला बोलायचं होतं. इतक्या वर्षांत त्या खिडकीबद्दल कुणी मला एक प्रश्न विचारला नव्हता. माझ्या सुनेलासुद्धा मी कुठे काम करत होते ते नातेवाइकांत सांगायला आवडत नाही. ती म्हणते, ऑफिसात होत्या. मी मुलीला हातांबद्दल सांगितलं, हिरव्या पडद्याबद्दल, पोत्यातल्या कोयत्यांबद्दल, ईदच्या रांगेबद्दल सांगितलं. मोबाईल चालू होता. ती मान डोलवत होती, वहीतही लिहीत होती. मग तिनं अगदी सहज विचारलं, "काकू, मला कुणीतरी सांगितलं की पडद्याच्या मागे एक बाई राहायच्या. खरं आहे का?"

आक्का माझ्या शेजारी बसून घेवडा सोलत होती. तिचा हात थांबला.

"छे," मी म्हणाले. "पडद्यामागे कोणी राहत नाही. कधीच नाही. उंदीर राहतात."

"नक्की?"

"पंचवीस वर्षं मी इथं काम केलंय. मला माहीत नसेल तर कुणाला?"

मुलगी आक्काकडे वळली. "आणि तुम्ही, आजी?"

"मी पाव्हणी हाय," आक्का म्हणाली. "भाचीच्या गावास्नं आलेय."

मुलीनं फोटो काढायला मोबाईल धरला, तर मी आक्काला हातानं बाजूला सरकवलं. ती मुलगी गेल्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की घेवड्याच्या शेंगा पायऱ्यांवरून सांडल्या. आक्का म्हणाली, "बाई, तुमी तर ताकास तूर लागू दिली न्हाई." मला माझा फार अभिमान वाटला. फाईल बदलून मोबाईल आला तरी मला कुणी फसवू शकत नाही, असं मी घरी येऊन सुनेलाही सांगितलं.

वर्ष होत आलं आणि एक पुस्तिका आली. पातळशी, चांगल्या कागदाची. त्या मुलीनं गल्लीतल्या प्रत्येक दुकानाला आणि मालकांच्या घरीही एकेक प्रत पोस्टानं पाठवली होती, मलाही. माझं बोलणं जसंच्या तसं छापीन असं तिनं जाताना कबूल केलं होतं, तेच केलं होतं. खिडकी होती, हात होते, कोयते होते, सगळं माझ्याच शब्दांत, एकही शब्द वाकडा न करता. मी शोधूनही खोट काढू शकले नाही. मला जरा लाजच वाटली. मी ती पुस्तिका आक्काला वाचून दाखवली. 'पडद्यामागे कोणी राहत नसे, असे लेडीज खिडकीवर काम केलेल्या बाई खात्रीने सांगतात,' हे वाक्य आलं तेव्हा आक्का पुन्हा हसली. मीही हसले, पण कमी.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी मालकांच्या थोरल्या मुलानं निरोप पाठवला. टॉकीज आणि लगतचा लॉज, दोन्हींची जागा विकली होती. पण वडिलांच्या काळापासून जी माणसं तिथं राहत होती, त्यांना नव्या इमारतीत मागच्या बाजूला एकेक खोली द्यायची, असं त्यानं ठरवून घेतलं होतं. लॉजचा वॉचमन होता, बोर्ड रंगवणाऱ्यांपैकी धाकटा होता. या दोघांची नावं यादीत होती. आक्काचं नव्हतं. मालकाच्या मुलाला अंधुक आठवत होतं. मला म्हणाला, "वडील म्हणायचे, पडद्यामागं एक बाई असते. पण मी होस्टेलला होतो, काकू. वकील म्हणतात, जुन्या कामगारानं सही करून सांगितलं तर नाव घालू."

जुनी कामगार म्हणजे मी. यातही मला डाव वाटला. फुकटची खोली कोण देतं? सही करायला लावतील आणि तिसऱ्याच कागदावर करून घेतील. मी आठ दिवस टाळलं. आक्कानं त्या आठ दिवसांत दोनदा विचारलं की नव्या खोलीला खिडकी आसंल का. तिच्या खोलीला कधीच खिडकी नव्हती. शेवटी मी तिला घेऊन वकिलाच्या ऑफिसात गेले.

वकील तरुण होता, नम्र होता. कागद मला वाचू दिला, दोनदा वाचला तरी घाई केली नाही. मी म्हणाले, "ही बाई पहिल्यापासून पडद्यामागच्या खोलीत राहत आलीय. मी डोळ्यांनी बघितलंय. लिहा."

त्यानं टेबलाच्या खणातून ती पुस्तिका काढली. खूण घातलेलं पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "बाई, हे तुम्हीच सांगितलंय ना?"

"हो. पण ते खोटं सांगितलं होतं."

"का?"

मी सांगायला गेले. फाईल, साहेब, लायसन, काळी चारचा सूर. माझं मलाच ते ऐकताना रचलेलं वाटायला लागलं. वकील ऐकून घेत होता आणि मी त्याचा चेहरा बघत होते. तो चेहरा मी ओळखला. खिडकीतून बांगड्या उतरवलेला हात आत आला की माझा चेहरा अगदी तसाच होत असणार.

तो म्हणाला, "माझं तुमच्याशी काही वाकडं नाही. पण तेव्हा तुम्ही खात्रीनं सांगितलं, आता उलट सांगताय, तेही खोली मिळणार म्हटल्यावर. विकत घेणाऱ्यांनी ही पुस्तिका दाखवली तर तुम्हाला खोटी साक्ष दिली म्हणतील. यातलं कुठलं खोटं, ते मी कशावरून ठरवू?"

मी पुस्तिका त्याच्याकडे परत सरकवली. मी म्हणाले, "तिलाच विचारा." माझ्या मनात होतं, आक्का बोलेल. स्पीकर कुठे होता, पाणी कुठून आणायची, पाऊस कुठून गळायचा, सगळं सांगेल. तिच्याइतकी ती खोली कुणाला माहीत होती?

आक्कानं माझ्याकडे बघितलं. मग पदर नीट केला आणि वकिलाला म्हणाली, "सायेब, बाईंनी पुस्तकात सांगितलंय त्येच खरं हाय. मी पाव्हणी हाय. आज त्यांनी माझ्यासाटी म्हनून बोललं. त्यांचं नाव कुटं लिवू नका."

वकिलानं पुस्तिका मिटली. बाहेर आल्यावर मी तिच्यावर ओरडले. भर रस्त्यात, रिक्षावाले बघत होते. "वेडी आहेस का तू? एका शब्दानं खोली गेली!"

"तुमी खोट्या ठरत हुत्या बाई," ती म्हणाली. "पुस्तकात आलेल्या मानसानं खोटं ठरू ने."

जन्मभर मी बायकांचे हात बघून खोटं पकडलं. हे खोटं माझ्या समोर, माझ्यासाठी बोललं गेलं, आणि मी ते पकडू शकत असूनही त्या टेबलाशी गप्प बसले होते. 'आक्का, खरं सांग' एवढंच म्हणायचं होतं. वकील थांबला होता, पुस्तिका मिटायला त्यानं वेळ घेतला होता. मी म्हणाले नाही. खोटी साक्ष हा शब्द माझ्या कानात बसला होता.

भाचीला फोन केला. ती म्हणाली, "पाटवून द्या, बगू." त्या 'बगू'चा मला फार संशय आला, पण तो मी आक्काला बोलून दाखवला नाही. सामान एक पेटी आणि एक वळकटी, एवढंच होतं. स्टँडाबाहेर पाथर्डीच्या जीपा लागतात तिथवर मी तिला सोडायला गेले. जीप भरल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, त्यामुळे आम्ही बराच वेळ उभ्या होतो. मी तिला केळी घेऊन दिली. भाचीच्या दारात वाद घालू नकोस, गोळ्या वेळेवर घे, असलं काहीबाही बोलत राहिले. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, आणि त्यासोबत आमच्या दोन खोल्या, सून आणि नातवाची परीक्षा फिरत होती.

एकेक माणूस येत गेलं. मधली सीट भरली, मागची भरली, ड्रायव्हरशेजारी दोघं चेपून बसले. आक्का दोन बायकांच्या मध्ये अडकून बसली, पेटी पायांत. ड्रायव्हरनं दार लावलं, आणि तेव्हा मी खिडकीला धरून म्हणाले, "आक्का, उतर. माझ्याकडे राहा."

ती हसली. "जीप भरल्यावर इचारत्यात व्हय बाई?"

जीप गेली. मी घरी आले आणि सुनेला सांगितलं की मी तिला राहा म्हटलं होतं, तीच थांबली नाही. सुनेनं विश्वास ठेवला. मी ठेवलेला नाही. पाऊण तास आम्ही तिथं उभ्या होतो, आणि शेवटचं माणूस बसेपर्यंत मी मोजत होते.